टिपकागदावरचं रक्त

१९३४ साली नॉर्वेत एक आई आपल्या दोन गतिमंद मुलांना घेऊन आस्ब्यॉर्न फोलिंग या डॉक्टरांकडे गेली. मुलांच्या अंगाला विचित्र वास यायचा, तो कशाचा हे तिला कोणी सांगत नव्हतं. फोलिंगनी लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं, तर ती गडद हिरवी झाली. असा रंग त्यांनी कधी पाहिला नव्हता. आज या आजाराला फिनाइलकिटोन्युरिया, थोडक्यात पीकेयू, म्हणतात. डाएट सोड्याच्या कॅनवर बारीक अक्षरांत इशारा असतो, तो या रुग्णांसाठीच.

दूध, डाळी, अंडी, सगळ्या प्रथिनांत फिनाइलअ‍ॅलनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. यकृतातलं एक विकर त्याचं रूपांतर करतं. आई आणि बाप दोघांकडूनही सदोष जनुक आलं, तर ते विकर काम करत नाही. फिनाइलअ‍ॅलनिन साचतं आणि मेंदूला इजा करतं. पोटात असताना आईचं शरीर बाळाचं हे काम निभावून नेतं, म्हणून जन्मतः बाळ अगदी ठणठणीत दिसतं. दूध सुरू झालं की नुकसान सुरू. लक्षणं दिसेपर्यंत काही महिने गेलेले असतात, आणि झालेलं नुकसान सहसा भरून येत नाही.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्मिंगहॅममध्ये होर्स्ट बिकेल यांनी फिनाइलअ‍ॅलनिन कमी केलेला आहार देऊन फरक पडतो हे दाखवलं. पण आजार वेळेत कळणार कसा? अमेरिकेतल्या बफेलोमध्ये रॉबर्ट गथ्री यांनी जिवाणूंना कामाला लावलं. ज्या थरात त्यांची वाढ रोखून धरलेली असते, त्यावर रक्ताची टिकली ठेवायची. रक्तात फिनाइलअ‍ॅलनिन जास्त असेल तर टिकलीभोवती जिवाणूंचं वलय उमटतं. युक्ती झकासच, पण माझ्या मते खरी कमाल टिपकागदाची. टाचेतून काढलेले थेंब कागदावर वाळवायचे आणि पाकिटात घालून पोस्टाने पाठवायचे! १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्सने ही चाचणी सक्तीची केली. जिवाणूंची जागा आता मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राने, घेतली आहे. तो काही मिनिटांत डझनावारी आजार तपासतो; कागद मात्र तोच.

आपल्याकडे गोव्याने २००८ मध्ये सरकारी रुग्णालयांत नवजात तपासणी सुरू केली. भारतात पीकेयूपेक्षा जन्मजात थायरॉइडची कमतरता जास्त आढळते आणि तीही याच थेंबांतून कळते. उपचार काय, तर थायरॉक्सिनची स्वस्तातली गोळी चुरून थोड्याशा आईच्या दुधातून रोज द्यायची. फक्त ती पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवी.