मेकाँगवर धरण बांधायचे तर शेजारी देशांची सल्लामसलत कशी होते?

कंबोडिया, लाओस, थायलंड आणि व्हिएतनाम यांनी १९९५ मध्ये मेकाँग करार केला. प्रकल्पाआधी एकमेकांना काय कळवायचे, याची कार्यपद्धती २००३ मध्ये ठरली. ती या चौघांनाच लागू आहे. वरच्या अंगाचे चीन आणि म्यानमार या करारातून उभ्या राहिलेल्या मेकाँग नदी आयोगाचे सदस्य नाहीत, आणि माझ्या मते या व्यवस्थेची सर्वांत मोठी उणीव तीच आहे.

प्रस्ताव कंपनी पाठवत नाही. त्या देशाची राष्ट्रीय मेकाँग समिती तो आयोगाच्या सचिवालयाकडे देते आणि तिथून तो इतर तिघांकडे जातो. सोबत व्यवहार्यता अहवाल, अंमलबजावणीचा आराखडा, वेळापत्रक आणि उपलब्ध माहिती लागते. मुख्य प्रवाहावरील धरणासाठी परिणाम तपासता येतील असा तांत्रिक तपशीलही द्यावा लागतो. मासे वर कसे चढतील, गाळ खाली कसा जाईल, हे त्यात स्पष्ट हवे, कारण खालच्या देशांचे पोट त्यावर आहे.

प्रकल्प कोणत्या वर्गात बसतो, हे आधी ठरवा. उपनदीवर असेल, किंवा मुख्य प्रवाहातले पाणी पावसाळ्यात खोऱ्यातच वापरायचे असेल, तर नुसती सूचना पुरते. तेच पाणी कोरड्या हंगामात खोऱ्यात वापरायचे किंवा पावसाळ्यात खोऱ्याबाहेर न्यायचे असेल, तर पूर्वसल्लामसलत हवी. कोरड्या हंगामात ते खोऱ्याबाहेर न्यायचे असेल, तर स्वतंत्र करारच लागतो. वाद बहुधा इथेच पेटतो. डॉन साहोंग धरण प्रवाहाच्या एकाच फाट्यावर आहे, म्हणून लाओसने २०१३ मध्ये केवळ सूचना दिली. शेजाऱ्यांनी हरकत घेतली आणि २०१४ मध्ये लाओसला पूर्वसल्लामसलत मान्य करावी लागली.

सल्लामसलतीला सहा महिने मिळतात. आयोगातली चारही देशांची संयुक्त समिती ही मुदत वाढवू शकते. मात्र शेजाऱ्यांना नकाराधिकार नाही. सायाबुरी धरणाचा प्रस्ताव लाओसने २०१० मध्ये दिला. २०११ मध्ये एकमत झाले नाही, तरी २०१२ मध्ये बांधकामाला औपचारिक सुरुवात झाली. म्हणूनच प्रस्ताव रचना पक्की होण्याआधी जायला हवा; ठेके दिल्यावर मागितलेले मत कोण ऐकणार?

२०१७ मध्ये लाओसच्याच पाक बेंग धरणाच्या वेळी सल्लामसलतीनंतरची पुढची पायरी म्हणून संयुक्त कृती आराखडा आला. त्यामुळे मुदत संपल्यावरही रचनेतले बदल आणि देखरेख यांवर चर्चा चालू ठेवता येते.