बाळाची पहिली डोळे तपासणी: घरून निघण्याआधी एवढं वाचा

बाळ सहा महिन्यांचं झालं की डोळे दाखवून घ्यावेत, वर्ष उलटायच्या आत तर नक्कीच. 'त्याला अजून अक्षरं कुठे येतात, तपासणार काय?' असं घरातल्या आजी विचारतात. बाळाने काही सांगायची गरज नसते. डोळ्याच्या बाहुलीतून परत येणाऱ्या उजेडावरून नंबर काढता येतो.

काही बाळांना सहा महिने थांबून चालत नाही. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा जन्मतः २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळ्यामागचा पडदा (रेटिना) ३० दिवसांच्या आत तपासावा लागतो. २८ आठवड्यांच्या आतल्या किंवा १,२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा दोन ते तीन आठवड्यांतच. अशा बाळांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट असतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटू शकतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. बाळ बांबोळीच्या सरकारी इस्पितळात (गोवा मेडिकल कॉलेज) असो की खाजगी इस्पितळात, घरी सोडताना तपासणीची तारीख कागदावर लिहून घ्या.

येताना मोबाईलमधले फ्लॅशचे फोटो आणा. चवथीच्या वा बारशाच्या फोटोत एका डोळ्यात लाल चमक आणि दुसऱ्यात पांढरी दिसली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता या. बाळ तिरकं बघत असताना फोटो घेतला तरी असं कधीकधी दिसतं, पण मोतीबिंदू आणि पडद्यावरची गाठ हीही कारणं असतात. ते घरी ठरवू नका.

वेळ बाळाच्या झोपेनुसार निवडा. झोप झालेली, तासाभरापूर्वी दूध प्यालेलं बाळ सगळ्यात चांगलं. आल्या आल्या दूध पाजलं तर बाहुली मोठी करायचे थेंब घालताना रडून ते ओकतं. काजळ घालून आणू नका. खरं तर घालूच नका. घरचं असलं तरी बोटाची घाण डोळ्यात जाते, बाजारच्या काही काजळांत शिसं सापडतं.

आधी आम्ही खेळणं फिरवून नजर ठरते का पाहतो, मग एकेक डोळा झाकतो. एक डोळा झाकला की चालतं आणि दुसरा झाकला की बाळ हात झटकून रडतं, म्हणजे त्या उघड्या डोळ्याने नीट दिसत नसावं. मग थेंब. आपल्याकडचे काळे-तपकिरी डोळे बाहुली मोठी व्हायला वेळ घेतात, म्हणून दहा-दहा मिनिटांनी दोन-तीनदा थेंब घालून पाऊण तास थांबावं लागतं. रडणाऱ्या बाळाचे थेंब अश्रूंबरोबर वाहून जातात. अशा वेळी त्याला आडवं धरून मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेवतो. डोळा उघडला की तो आपोआप आत जातो. नंतर तोच कोपरा मिनिटभर दाबून धरा, औषध रक्तात कमी उतरतं.

या वयात +२ च्या आसपासचा नंबर सर्रास असतो, त्याला चष्मा लागत नाही. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक निघाला तर मात्र गांभीर्याने घ्या. मेंदू धूसर डोळा वापरणं सोडून देतो आणि तो 'आळशी' होतो.

तिरळेपणाबद्दल: तीन-चार महिन्यांपर्यंत डोळा मधूनच सरकला तर चालतं, सतत तिरळा असेल तर कुठल्याच वयात नाही. नाकाचा पूल रुंद असलेली कित्येक बाळं नुसती तिरळी भासतात. टॉर्चचा ठिपका दोन्ही बाहुल्यांत सारख्या जागी पडला तर बहुतेक वेळा काळजी नसते.

डोळ्यातून पाणी येत असेल तर बहुधा अश्रुनळी बंद असते. नखं कापून, हात धुऊन करंगळीने नाकाकडच्या कोपऱ्यापासून खाली दाबत दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा मसाज करा. वर्षाच्या आत बहुतेकांची उघडते. पण पाण्याबरोबर बाळ उजेड सहन करत नसेल, किंवा बुबुळ मोठं वा धुरकट दिसत असेल, तर तो डोळ्याच्या आतला वाढलेला दाब असू शकतो. 'डोळे किती मोठे, सुंदर' म्हणून थांबू नका.

थेंबांचा असर दिवसभर राहतो, थेंबांऐवजी मलम दिलं असेल तर दहा-बारा दिवसही. गाल थोडे लाल होतात. ताप आला किंवा बाळ फार चिडचिडं झालं तर मलम बंद करून लगेच फोन करा. परतताना बाळाला स्कूटरवर पुढे बसवू नका, उन्हाने ते डोळे चोळत राहतं. छत्री आणि टोपी आणा, शक्य असेल तर चारचाकीने या.