१८५०ची तडजोड: पाच कायदे आणि पाच वेगळी बहुमतं

१८४८ मध्ये मेक्सिकोशी युद्ध जिंकून अमेरिकेने पॅसिफिक महासागरापर्यंतचा मुलूख मिळवला आणि जुनं भांडण पुन्हा पेटलं: नव्या प्रदेशात गुलामगिरी चालू द्यायची का? संसदेतलं युद्ध मुख्यतः आकड्यांचं होतं. प्रतिनिधिगृहातल्या जागा लोकसंख्येवर ठरत, त्यामुळे ते गुलामगिरी नसलेल्या, जास्त लोकसंख्येच्या उत्तरेकडे झुकलेलंच होतं. सिनेटमध्ये मात्र प्रत्येक राज्याचे दोनच सदस्य, आणि तिथे गुलामगिरीची १५ राज्यं विरुद्ध मुक्त १५ अशी बरोबरी होती. सोन्याच्या शोधात आलेल्यांनी गजबजलेलं कॅलिफोर्निया सोळावं मुक्त राज्य व्हायला निघालं होतं. ज्यांच्या आयुष्याचा हा सौदा चालला होता, त्या सुमारे ३२ लाख गुलामांना अर्थातच कुणी विचारलं नाही.

केंटकीचे सिनेटर हेन्री क्ले यांनी बहुतेक वादग्रस्त मुद्दे एका विधेयकात बांधले. प्रत्येकाला काहीतरी मिळेल, म्हणून प्रत्येकजण बाकीचं गिळेल, हा हिशोब. घडलं उलटंच. प्रत्येकाला एखादं कलम खुपत होतं आणि असे सगळे नाराज एकत्र आले. ३१ जुलै १८५० ला ते विधेयक कोसळलं.

मग इलिनॉयचे सिनेटर स्टीफन डग्लस यांनी गाठोडं सोडून एकेक विधेयक वेगळं मतदानाला आणलं. कॅलिफोर्नियासाठी उत्तरेची मतं, पळालेल्या गुलामांना मालकांकडे परत धाडण्याच्या कायद्यासाठी दक्षिणेची; तराजू झुकवायला मधले मोजके सदस्य दोन्हीकडे हजर. पाचही विधेयकांना पाठिंबा देणारे फारच थोडे होते. माझ्या मते याला तडजोड म्हणणं उदारपणाचं आहे. बहुतेकांनी काही सोडलंच नव्हतं.

त्यातला पळालेल्या गुलामांविषयीचा कायदा तर संतापजनकच होता. पकडलेल्या माणसाला ज्यूरी नाही, स्वतःची साक्ष देण्याचीही मुभा नाही. निकाल देणाऱ्या आयुक्ताला त्या माणसाला मालकाकडे धाडल्यास १० डॉलर, सोडल्यास ५. कारण काय, तर धाडताना कागदपत्रं जास्त करावी लागतात! या कायद्याने गुलामगिरी मुक्त उत्तरेतल्या बॉस्टनच्या रस्त्यांवर आणून उभी केली.

१८५४ मध्ये डग्लस यांनीच कॅन्सस-नेब्रास्का कायदा आणला. १८२० साली गुलामगिरीसाठी बंद झालेला भाग त्याने स्थानिक मतदानावर सोडला. कॅन्ससमध्ये रक्त सांडलं, तेव्हाच्या दोन मोठ्या पक्षांपैकी एक, व्हिग पक्ष, फुटला आणि १८५० मध्ये दोन्हीकडे मत देणारा तो मधला गट विरघळला. डिसेंबर १८६० मध्ये केंटकीचेच सिनेटर जॉन क्रिटेंडन यांनी पुन्हा एक गाठोडं बांधलं: १८२० साली ठरलेली ३६ अंश ३० मिनिटांची जुनी रेषा, जिच्या उत्तरेला गुलामगिरी बंद आणि दक्षिणेला चालू, ती पॅसिफिकपर्यंत न्यायची. नव्या रिपब्लिकन पक्षाला गुलामगिरीचा विस्तार मान्य नव्हता, प्रस्ताव सिनेटच्या समितीतच पडला. दक्षिणेतलं साउथ कॅरोलायना तोवर संघराज्यातून बाहेर पडलेलं होतं.