मुदतीत आरोपपत्र आले नाही तर: एका जामिनाची पार्श्वभूमी

आरोपपत्र वेळेत दाखल झाले नाही म्हणून आरोपी सुटला, अशी बातमी आली की 'कायद्यातली पळवाट' असा शेरा ठरलेला. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. पळवाट होती ती तपास यंत्रणेची, आणि ती बुजवण्यासाठी हा जामीन कायद्यात आला.

1898च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तपासकाळातल्या कोठडीला एकूण 15 दिवसांची मर्यादा होती. एवढ्यात तपास क्वचितच उरकायचा. मग अपुरे आरोपपत्र टाकायचे, खटला तहकूब ठेवण्याच्या कलम 344चा आधार घ्यायचा आणि रिमांड वाढवत राहायचे, अशी रीतच पडली. विधी आयोगाने 1969 मध्ये यावर बोट ठेवले आणि 60 दिवसांची कमाल मर्यादा सुचवली. 1973च्या संहितेत ती कलम 167 मध्ये आली, आणि ती उलटूनही आरोपपत्र नसेल तर जामीन हा आरोपीचा हक्क ठरला. 1978च्या दुरुस्तीने फाशी, जन्मठेप किंवा किमान 10 वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी ती 90 दिवस झाली, बाकीच्यांसाठी 60 राहिली. महाराष्ट्राने 1999 मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का कायदा आणला, त्यात सरकारी वकिलाच्या अहवालावरून 180 दिवसांपर्यंत मुदतवाढीची सोय आहे.

खरा वाद दिवसांच्या आकड्यावर झालाच नाही. 61व्या दिवशी आरोपीने जामीन मागितला आणि 65व्या दिवशी आरोपपत्र आले, तर हक्क टिकतो की बुडतो, यावर झाला.

1993च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या खटल्यातून हा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला. 1994च्या निकालात म्हटले गेले की हा हक्क अबाधित आहे, मात्र आरोपपत्र येईपर्यंतच. तोवर आरोपीने तो बजावला नसेल तर संपला. पण 'बजावला' म्हणजे काय? अर्ज केला की बजावला, की कोर्टाने जामीन मंजूर करून आरोपी बाहेर आला की बजावला? घटनापीठाने हे सांगितले नाही, आणि पुढची सहा-सात वर्षे कोर्टाकोर्टांत त्याचे वेगवेगळे अर्थ लागले. काही ठिकाणी आरोपीचा अर्ज प्रलंबित असताना सरकारी पक्ष नुसती तारीख मागून घेई. पुढच्या तारखेपर्यंत आरोपपत्र तयार, आणि अर्ज निकाली.

2000 मध्ये ठेवीदारांच्या संरक्षणासाठी केलेल्या विशेष कायद्याखालच्या, मुंबईतल्या फसवणुकीच्या एका प्रकरणात असेच घडले. आरोपीने 60 दिवस संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज केला. या विशेष कायद्याला कलम 167 लागूच होत नाही, असे म्हणून मॅजिस्ट्रेटने तो फेटाळला. प्रकरण उच्च न्यायालयात असताना आरोपपत्र दाखल झाले. म्हणजे चूक कोर्टाची, उशीर पोलिसांचा आणि तुरुंगवास आरोपीचा. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये दोन विरुद्ध एक मताने ठरवले की आरोपीने अर्ज केला आणि जामीन भरायची तयारी दाखवली की हक्क बजावला गेला. अर्ज चुकीने फेटाळला गेला, म्हणून तो हक्क मरत नाही.

माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल हाच. तरी त्यात एक उणीव आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. जामीन मंजूर झाला पण ठरवून दिलेल्या मुदतीत आरोपी तो भरू शकला नाही, आणि तेवढ्यात आरोपपत्र आले, तर हक्क संपतो, असेही त्याच निकालात आहे. ज्याच्याकडे सातबारा किंवा सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला) असलेला हमीदार तयार असतो, त्याला याची झळ लागत नाही. परजिल्ह्यातून मजुरीला आलेल्या कच्च्या कैद्याला हमीदार शोधण्यातच आठवडे जातात.

त्यानंतरचे निकाल बहुतांशी आरोपीच्या बाजूने झुकले. 2017 मध्ये सांगितले गेले की कमाल शिक्षा 10 वर्षे असली, पण किमान त्याहून कमी असेल तर मुदत 60 दिवसांचीच, आणि तोंडी मागणीही पुरते. कोविडकाळात सर्वच मुदती वाढवण्याचा आदेश निघाला होता. तो तपास यंत्रणेला आरोपपत्रासाठी वापरता येणार नाही, हे जून 2020 मध्ये स्पष्ट झाले.

मोजणीचा घोळ 2023 पर्यंत चालला. रिमांडचा पहिला दिवस धरायचा की सोडायचा, यावर सर्वोच्च न्यायालयाचेच निकाल एकमेकांशी जुळत नव्हते. मुंबईतल्या एका आर्थिक गुन्ह्यात पहिला रिमांड 14 मे 2020चा होता आणि आरोपपत्राची कागदपत्रे 13 जुलैला कोर्टात प्रत्यक्ष दाखल झाली. मेचे 18, जूनचे 30, जुलैचे 13 मिळून 61. पहिला दिवस सोडला तर 60. सारा जामीन त्या एका दिवसावर होता. तीन न्यायमूर्तींनी पहिला दिवस धरायचा असा निर्णय दिला.

1 जुलै 2024 पासून कलम 167च्या जागी नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 187 आले. 60 आणि 90 तसेच राहिले, बदलले ते पोलीस कोठडीचे गणित. 1992च्या निकालानुसार पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, पहिल्या 15 दिवसांतच घेता येई. त्यानंतर फक्त एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी. आता तेच 15 दिवस तुकड्यातुकड्यांनी, मुदत 60ची असेल तर पहिल्या 40 दिवसांत आणि 90ची असेल तर पहिल्या 60 दिवसांत केव्हाही मागता येतात. म्हणजे न्यायालयीन कोठडीत गेलेल्या आरोपीला महिनाभरानेही परत पोलिसांच्या ताब्यात देता येते. 'पीसीआर अजून शिल्लक आहे' ही सबब त्यामुळे जामिनाला विरोध करताना पुढे येणार, हे उघड आहे. त्यावरचे उत्तर त्याच संहितेच्या कलम 480 मध्ये आहे: पहिल्या 15 दिवसांनंतर पोलीस कोठडीची गरज भासू शकते, एवढ्याच कारणावरून जामीन नाकारता येत नाही. जामिनाच्या अर्जात या तरतुदीचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात यायला हवा.