ठिपक्यांची मोजणी: स्टर्जनच्या गुणसूत्रांची पार्श्वभूमी

रोहू आणि कटल्याच्या पेशीत 50 गुणसूत्रे, तर कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातल्या महसीरात आणि शेततळ्यात सोडल्या जाणाऱ्या सायप्रिनसमध्ये 100. माशांच्या काचपट्ट्या करणाऱ्याला कोल्हापुरात हा दुपटीचा हिशेब लवकरच भेटतो. कॅस्पियन आणि काळ्या समुद्राकडचा, कॅव्हिआरसाठी (खारवलेल्या अंड्यांसाठी) ओळखला जाणारा स्टर्जन मासा मात्र हाच हिशेब फार पुढे नेतो. त्याच्या काही जातींत सुमारे 120 गुणसूत्रे, काहींत सुमारे 250, आणि अमेरिकेतल्या आखूड नाकाच्या स्टर्जनमध्ये जवळपास 370.

पहिली अडचण मोजणीचीच होती. स्टर्जनची निम्म्याच्या आसपास गुणसूत्रे सूक्ष्म, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली नुसते ठिपके. 1969 मध्ये ओनो आणि सहकाऱ्यांनी फावड्यानाक्या स्टर्जनची 112 गुणसूत्रे मोजली. 1974 मध्ये इटलीत फोंताना आणि कोलंबो यांना 116 आणि 239 च्या आसपासचे दोन गट दिसले, तेही ‘चार-सात कमीजास्त’ अशी पुस्ती जोडून. ती पुस्ती प्रामाणिक होती.

कारण पद्धतीतच आहे. माशाला कोल्चिसीन (पेशीविभाजन मध्येच थांबवणारे औषध) टोचायचे, दोन-तीन तासांनी मूत्रपिंडाचा पुढचा भाग काढायचा, पेशी 0.075 मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये (100 मिली पाण्यात 0.56 ग्रॅम) अर्धा तास फुगवायच्या, मग मिथेनॉल आणि ॲसेटिक आम्लाच्या 3:1 मिश्रणात तीनदा धुवून थेंब काचेवर सोडायचा. कोल्चिसीन जास्त वेळ राहिले तर मोठी गुणसूत्रेही आखडतात आणि ठिपक्यांत मिसळतात. पेशी कमी फुगल्या तर गुठळी होते; जास्त फुगल्या तर फुटतात आणि आधी गायब होतात ते हेच ठिपके. आषाढातल्या कोल्हापुरी दमट हवेत थेंब हळू सुकतो आणि पसरण बदलते, म्हणून उन्हाळ्यात जमलेली वेळ पावसाळ्यात तशीच चालत नाही. एका सुंदर पेशीवर विसंबू नये. निदान पन्नास पेशी मोजून सर्वाधिक वेळा येणारा आकडा घ्यावा.

1976 मध्ये डिंगरकस आणि हॉवेल यांनी स्टर्जनच्या नात्यातल्या अमेरिकन पॅडलफिशची 120 गुणसूत्रे चार-चारच्या गटांत लावून दाखवली आणि हा मासा चतुर्गुणित (प्रत्येक गुणसूत्राच्या चार प्रती असलेला) असल्याचे सुचवले. इथून वाद पेटला: 120 म्हणजे दुप्पट की चौपट? नुसत्या आकड्याने तो सुटणारा नव्हता. गुणसूत्रांवर खुणा हव्या होत्या, आणि त्या पुरवल्या पुनरावृत्त डीएनएने. डीएनएचा चमकणारा शोधक-तुकडा गुणसूत्रावर चिकटवणाऱ्या ‘फिश’ (FISH) नावाच्या तंत्राने 5एस राइबोसोमी जनुकांच्या (पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या एका भागाच्या जनुकांच्या) रांगा पाहिल्या, तेव्हा 120 च्या गटात त्या दोन गुणसूत्रांवर, तर 240 च्या गटात चारांवर दिसल्या. म्हणजे वागणुकीपुरता 120 चा मासा द्विगुणितच (दोन प्रतींचा).

दुसरी खूण हिंड-3 नावाचा सॅटेलाइट डीएनए. सुमारे 170 अक्षरांचा तुकडा एकामागोमाग असंख्य वेळा. असे तुकडे सहसा जातीगणिक झपाट्याने बदलतात. स्टर्जनमध्ये तो कित्येक जातींत जवळजवळ सारखाच राहिला. युरोपीय अटलांटिक स्टर्जनमध्ये मात्र तो सापडत नाही, त्यामुळे जात ओळखायलाही त्याचा वापर झाला.

2020 मध्ये स्टर्लेट या स्टर्जनच्या जातीचा संपूर्ण जीनोम (सगळा डीएनए) वाचला गेला आणि दोन्ही बाजू थोड्या-थोड्या खऱ्या ठरल्या. दुपटीकरण फार प्राचीन आहे, पण त्यानंतरची घडी गुणसूत्रांच्या सगळ्या भागांत एकाच वेळी बसली नाही. काही भाग लवकर द्विगुणित झाले, काही रेंगाळले.

मत्स्यपालनात हा आकडा रोजच्या कामाचा. बेलुगा (स्टर्जनची आणखी एक जात) आणि स्टर्लेट दोन्ही 120 चे, म्हणून 1952 मध्ये सोव्हिएत संघात तयार झालेला त्यांचा संकर ‘बेस्टर’ प्रजननक्षम निघाला. 120 आणि 240 च्या जाती एकत्र केल्या, तर पिल्ले 180 ची होतात.