दहाव्या मिनिटालाच का नाही मारत?

प्रेम, सूड आणि थरार एकाच पटकथेत बांधणाऱ्या चित्रपटांना एक प्रश्न जन्मापासूनच चिकटलेला असतो. नायिका नाव बदलून गुन्हेगाराच्या घरात शिरली आहे. तो तिच्यावर विसंबतो, तिच्या हातचं खातो, तिच्यासमोर निर्धास्त झोपतो. मग ती दहाव्या मिनिटालाच त्याचा काटा काढून मोकळी का होत नाही? उरलेले दोन तास कशासाठी?

पटकथाकारांची यावरची उत्तरं ठरलेली असतात. पुरावा हवाय, साथीदारांची नावं काढायचीत, पोलिसांचा ससेमिरा नको. ही उत्तरं पहिल्या अर्ध्या तासापुरती पुरतात, मग प्रेक्षक कुरकुरू लागतो. शेवटपर्यंत टिकणारं कारण एकच: ती त्याच्या प्रेमात पडते आणि हात अडतो. या प्रकारात प्रेमकथा सूडाला तोंडी लावायला घेतलेली नसते. सूड लांबवण्याचं तेवढंच एक प्रामाणिक निमित्त कथेकडे असतं. आणि तो लांबवायचा का, याचं उत्तर मेंदूच्या अभ्यासात सापडतं.

झुरिचमधल्या डॉमिनिक द क्वेरवेन, अर्न्स्ट फेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन अनोळखी माणसांमधला पैशांचा खेळ. पहिल्याने विश्वासाने आपले पैसे दुसऱ्याकडे सोपवायचे, ते वाढणार, आणि दुसऱ्याने त्यातला वाटा परत करायचा. दुसऱ्याने सगळंच घशात घातलं, तर फसलेल्याला त्याच्यावर दंड बसवायची मुभा होती. दंड करायचा की नाही, किती करायचा, हे ठरवत असतानाच त्याच्या मेंदूचा पेट स्कॅन घेतला गेला. डॉर्सल स्ट्रायटम नावाचा भाग सक्रिय झालेला दिसला. काहीतरी चांगलं पदरात पडणार आहे अशी चाहूल लागली की जागा होणाऱ्या भागांपैकी हा एक. ज्यांच्यात तो अधिक सक्रिय होता, ते स्वतःच्या खिशाला चाट लावूनही मोठा दंड करायला तयार होते.

स्कॅनची वेळ महत्त्वाची. दंड वसूल झाल्यावर नव्हे, तो ठरवताना ही हालचाल टिपली गेली. सूडाची गोडी त्याच्या बेतात असते. बेत पुरा झाला की ती टिकत नाही, हे पुढे दुसऱ्या प्रयोगांनी दाखवलं. त्याकडे शेवटी येऊ. पटकथाकाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की त्याच्याकडचा खरा माल मधल्या दीड तासात आहे. सूड घेतला जाण्याचा प्रसंग ही त्या मालाची फक्त शेवटची पावती.

आता तो दीड तास भरायचा कसा? हाणामाऱ्यांनी तो भरत नाही. या प्रकाराचं कथानक चालतं ते कोणाला काय माहीत आहे यावर.

समजा, एका गोदामाला आग लागते. दार बाहेरून कुलूपबंद. आत अडकून एक तरुण कामगार मरतो. कुलूप लावायचा हुकूम ज्याच्या सहीने निघाला, त्या मालकाच्या कचेरीत पाच वर्षांनी त्या कामगाराची बहीण हिशेबनीस म्हणून लागते, वेगळं आडनाव लावून. मालक तिच्यात गुंततो. तिचंही चित्त थाऱ्यावर राहत नाही. एका रात्री दोघं जेवायला बसलेत. तिचा फोन टेबलावर उताणा पडलाय. ती पाणी आणायला आत जाते आणि फोन थरथरतो. पडद्यावर आईचा संदेश उमटतो: ‘आज सहा वर्षं झाली त्याला जाऊन. जेवलीस का?’ आगीची तारीख त्यालाही पाठ आहे. तो फोनकडे हात नेतो, कदाचित नुसता बाजूला सरकवायला.

हा प्रसंग तीन प्रकारे मांडता येतो. ती कोण आहे हे प्रेक्षकाला अजून सांगितलेलंच नसेल, तर त्या ओळीने धक्का बसेल. क्षणभराचा, पुरेसा चांगला. ती कोण आहे हे प्रेक्षकाला सुरुवातीपासून ठाऊक असेल, तर थरथरणाऱ्या फोनपासून तिच्या परतणाऱ्या पावलांपर्यंत सगळा वेळ त्याचा श्वास अडकलेला राहील. थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक हेच टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने सांगत असे. बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं, तर टेबलाशी बसलेल्यांच्या त्याच निरर्थक गप्पा पंधरा मिनिटं ताण धरून ठेवतात.

तिसरा प्रकार मला सर्वांत आवडतो. आदल्याच प्रसंगात त्याच्या हाती तिचा जुना फोटो लागला आहे. तिला ते माहीत नाही, आपल्याला आहे. आता तोच फोन, तेच ताट, त्याचा तसाच पुढे गेलेला हात. पण भीती पक्ष बदलते. मघापर्यंत शिकारी असलेली ती आता सावज आहे. एकही संवाद न बदलता. असा पालट बहुधा चित्रपटाच्या मध्यावर आणतात, आणि ते बरोबरच आहे. कारण ‘ती त्याला कधी गाठेल?’ या एकाच प्रश्नावर दोन तास रेटणं कठीण. मध्यावर ‘तो तिला कधी गाठेल?’ हा दुसरा प्रश्न येऊन मिळाला की उतार आपोआप वेग देतो.

असं माहिती मोजून-मापून देणं प्रेक्षकाच्या डोक्यावर किती पकड घेतं, हे उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मोजून दाखवलं. वेगवेगळ्या प्रेक्षकांच्या मेंदूतल्या हालचाली एकमेकांशी किती जुळतात हे त्यांनी स्कॅनरमध्ये पाहिलं. हिचकॉकने दिग्दर्शित केलेला टीव्ही मालिकेचा एक भाग पाहताना मेंदूच्या बाह्यपटलाचा सुमारे ६५ टक्के भाग सगळ्यांमध्ये सारखा चालत होता. एका बागेत कॅमेरा नुसता उभा करून घेतलेल्या चित्रणाला हेच प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी होतं. मॅथ्यू बेझडेक यांच्या २०१५ च्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. उत्कंठा वाढली की पडद्याच्या कडेने चमकणाऱ्या आकृत्यांची मेंदू कमी दखल घेतो. लक्ष मध्यावर आवळलं जातं.

मग यात प्रेम बसतं कुठे? पाठलागाच्या नंतर, आधी नाही. मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी १९७० च्या दशकात मांडलेला सिद्धांत इथे लागू पडतो. भीतीने वाढलेली छातीची धडधड ओसरायला काही मिनिटं लागतात, पण मनाचा विषय क्षणात बदलतो. त्यामुळे आधीच्या भीतीची उरलेली धडधड पुढच्या भावनेच्या खात्यावर जमा होते. जिन्यावरून जीव मुठीत धरून पळालेली दोघं बंद दाराला टेकून एकमेकांकडे बघतात, तेव्हा प्रेक्षकाची नाडी अजून जिन्यावरच असते; ती ओढ म्हणून वाचली जाते.

या संदर्भात डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांचा १९७४ चा झुलत्या पुलावरचा प्रयोग हमखास सांगितला जातो. व्हँकूव्हरजवळ नदीपात्रापासून सुमारे ७० मीटर उंचीवर लोंबणाऱ्या पुलावर एका तरुणीने पुरुषांची मुलाखत घेतली आणि आपला फोन नंबर दिला. नंबर घेणाऱ्या १८ पैकी ९ जणांनी नंतर फोन केला. कमी उंचीच्या भक्कम पुलावर १६ पैकी फक्त दोघांनी. प्रयोग गाजला, पण आकडे लहान आहेत, आणि असल्या पुलावर पाऊल टाकणारी माणसं मुळातच धीट असतील हा आक्षेप उरतोच. मी त्यावर फार भार टाकणार नाही.

भीती आणि प्रेम एकत्र नांदवण्यातली अडचण आपल्याकडच्या साहित्यशास्त्राला फार आधी दिसली होती. १४ व्या शतकातला काव्यशास्त्रकार विश्वनाथ शृंगाराच्या विरोधी रसांत रौद्र आणि भयानक दोन्ही मोजतो. म्हणजे त्याच्या हिशेबाने हा चित्रप्रकार मुळातच रसभंगाचा. त्याच्याही आधी, ९ व्या शतकात, आनंदवर्धनाने मात्र वाट सांगून ठेवली होती: दोन विरोधी रसांच्या मध्ये तिसरा रस घातला की विरोध उरत नाही. झिलमनचं म्हणणं याच्या पुढे जातं. त्याच्या मते भयानकाची धग शृंगाराला लागते, आणि ती लागावी म्हणून दोन्ही खेटूनच ठेवायला हवेत. दोघांची गाठ घालून द्यायला मला आवडलं असतं.

सगळ्यांत अवघड जागा मात्र वेगळीच आहे. ज्याचा सूड घ्यायचा त्याच्यावरच प्रेम करायचं, तर प्रेक्षकाने त्याच्याविषयी वाटून काय घ्यायचं? टानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली एका खेळात लोकांची गाठ सरळ वागणाऱ्या आणि लबाडी करणाऱ्या खेळाडूंशी घालून दिली, आणि मग त्याच व्यक्तींच्या हाताला वेदना दिली जात असताना बघणाऱ्यांचे मेंदू तपासले. सरळ माणसाच्या वेदनेने पुरुष आणि स्त्रिया दोघांच्याही मेंदूत सहवेदना जागी झाली. लबाडाच्या बाबतीत पुरुषांची सहवेदना स्पष्टपणे घटली, उलट बक्षिसाशी जोडलेला भाग सक्रिय झाला. स्त्रियांमध्ये अशी घट फारशी दिसली नाही. शिक्षा शारीरिक होती म्हणूनही हा फरक पडला असेल, असं संशोधकांनीच म्हटलं आहे.

अन्यायाचा शिक्का बसला की सहवेदना आटते, आणि प्रेमकथेला तर ती हवीच. या कात्रीतून सुटायला बहुतेक पटकथा एक पळवाट काढतात: शेवटच्या अर्ध्या तासात कळतं की सही त्याची नव्हतीच, काकाने किंवा भागीदाराने ती खोटी केली होती. प्रेम निष्कलंक, सूडाला नवं गिऱ्हाईक, सगळे खूश. मला ही लबाडी वाटते. दीड तास ज्या प्रश्नावर पोट जाळलं, तोच रद्द करून टाकायचा! त्यापेक्षा सही त्याचीच असावी, पण आत माणसं आहेत हे त्याला माहीत नसावं, आणि माहीत करून घ्यायची त्याने तसदी घेतली नसावी. असा अर्धा दोष प्रेक्षकाला एका बाजूला झुकू देत नाही.

शेवटाकडे येताना प्रत्येक सूडकथेत एक प्रसंग लागतोच: ‘ओळखलंस मला?’ तर्काने पाहिलं तर तो शुद्ध मूर्खपणा आहे. दुरून गोळी घालायची सोडून ती समोर उभी राहते, नाव सांगते, तारीख सांगते, त्याला पळायला वेळ देते. मारिओ गोलवित्सर आणि सहकाऱ्यांच्या २००९ आणि २०११ मधल्या प्रयोगांतून या मूर्खपणाचं कारण कळतं. अन्याय करणाऱ्याला नुसती शिक्षा झाली म्हणून सूड घेणाऱ्याला समाधान मिळत नव्हतं. ही शिक्षा कशाबद्दल आहे ते आपल्याला उमगलं, असं समोरच्याकडून कळलं तर ते मिळत होतं. म्हणून तो झोपेत मेला तर प्रेक्षक चिडतो. आणि म्हणूनच कोणाला काय माहीत आहे याची शिडी इथे येऊन थांबायला हवी: शेवटची पायरी त्याची, आणि ती त्याने शुद्धीवर असताना चढायला हवी.

त्यानंतर फार वेळ थांबू नये. केविन कार्लस्मिथ, टिमोथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २००८ मध्ये दाखवलं, की पैशांच्या खेळात इतरांच्या जिवावर फायदा उपटणाऱ्या फुकट्या खेळाडूला शिक्षा करायची संधी ज्यांना मिळाली, ते ती न मिळालेल्यांपेक्षा नंतर जास्त खट्टू होते. शिक्षा करणारे त्याच माणसाचा विचार मनात घोळवत बसले. बाकीचे विसरून पुढे गेले. गंमत म्हणजे शिक्षेने बरं वाटेल अशीच लोकांची अटकळ होती. या अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष चित्रपटाच्या दृष्टीने जास्त कामाचा आहे. शिक्षा स्वतः घडवणं आणि ती होताना पाहणं यांचे मनावर होणारे परिणाम वेगळे असतात, आणि हा फरक लोकांच्या लक्षात येत नाही. नायिका घडवणारी असते, प्रेक्षक पाहणारा. तिच्या वाट्याची कटुता त्याच्या वाट्याला येत नाही. बंदूक रोखलेली असताना तिचा हात खाली येतो आणि गुन्हेगार स्वतःच्याच चुकीने कठड्यावरून कोसळतो, हा घिसापिटा शेवट पटकथाकार पुन्हा पुन्हा का वापरतात, ते यावरून समजतं: ऐन वेळी तिलाही पाहणाऱ्यांच्या रांगेत आणून बसवायची ती सोय आहे.