फॉस्फेट पकडायचा, तर आधी तो टिकवा

ईआरके-२ या प्रथिनाचं वजन सुमारे ४२,००० डाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक). त्यावर एक फॉस्फेट चढला की भर पडते जेमतेम ८० डाल्टनची, म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यात मूठ-दोन मुठी तांदूळ. ठरलेल्या दोन जागी असे फॉस्फेट बसले की हे प्रथिन जागं होतं आणि ‘आता विभाजन करा’ यासारखे निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचवतं. हा मूठभर फरक ओळखण्याचं काम फॉस्फो-अँटिबॉडी करते.

ती बनवायची रीत मोठी चतुर आहे. प्रथिनातला फॉस्फेटच्या जागेभोवतीचा दहा-पंधरा अमिनो आम्लांचा तुकडा फॉस्फेटसकट कृत्रिमरीत्या तयार करतात, मोठ्या वाहक प्रथिनाला जोडतात आणि सशाला टोचतात. सशाच्या रक्तद्रवात मिळणाऱ्या सगळ्याच अँटिबॉडी कामाच्या नसतात. काहींना फॉस्फेट असला काय, नसला काय, सारखंच. म्हणून तो द्रव आधी बिनफॉस्फेटच्या तुकड्यांच्या स्तंभातून सोडतात. नको त्या तिथे अडकतात. उरलेल्यांतून फॉस्फेटवाल्या स्तंभावर चिकटतील त्या राखायच्या.

इतकी नेमकी अँटिबॉडी हाती असूनही ब्लॉट, म्हणजे प्रथिनं वजनानुसार वेगळी करून ज्यावर उतरवतात आणि अँटिबॉडीने शोधतात तो पडदा, कोरा येतो, आणि दोष बहुधा तिचा नसतो. पेशी फोडल्या की फॉस्फेट उतरवणारी विकरं, म्हणजे फॉस्फटेज, मोकाट सुटतात. म्हणून पेशींची डिश थेट बर्फावर ठेवायची, माध्यम ओढून घ्यायचं, बर्फगार बफरने एकदा धुवायचं आणि लगेच पेशी फोडणारं लायसिस बफर घालायचं. फॉस्फटेज रोखायला त्यात सेरिन-थ्रिओनिन या अमिनो आम्लांवरच्या फॉस्फेटसाठी सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट हवं, टायरोसिन या अमिनो आम्लावरच्यासाठी १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट.

व्हॅनाडेटपाशी बरेच जण फसतात. २०० मिलिमोलर द्रावणाचा सामू १० वर आणला की ते पिवळं दिसतं. रंग जाईपर्यंत उकळायचं, थंड करायचं, सामू पुन्हा १० करायचा. पिवळेपणा परत आला तर पुन्हा उकळायचं. पिवळं द्रावण म्हणजे एकमेकांना चिकटलेले व्हॅनाडेटचे रेणू. फॉस्फटेजला ते नीट रोखत नाहीत. बफरमध्ये ईडीटीए (धातूंचे आयन पकडणारं रसायन) किंवा डीटीटी (क्षपण करणारं रसायन) भरपूर असेल, तरीही व्हॅनाडेटचा जोर जातो. एवढी खटपट नको असेल, तर पेशींवर सरळ उकळता एसडीएस (प्रथिनांची घडी मोडणारा अपमार्जक) बफर ओतावा: सगळी विकरं जागीच गार.

पडद्यावरच्या मोकळ्या जागा भरायला दुधाची भुकटी स्वस्त पडते, पण दुधातलं कॅसिन स्वतःच फॉस्फेटवालं आहे, म्हणून अँटिबॉडी त्यालाच चिकटेल अशी भीती असते. एका विशिष्ट जागेच्या अँटिबॉडीबाबत ही भीती थोडी अतिच आहे. तरी ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरलं की वाद मिटतो.

बँड, म्हणजे पडद्यावरची प्रथिनाची पट्टी, दिसला म्हणजे झालं असंही नाही. पेशी रात्रभर सीरमविना उपाशी ठेवून ईजीएफ हे वाढीचा निरोप देणारं प्रथिन दिलं, तर पाच मिनिटांत ४४ (ईआरके-१) आणि ४२ (ईआरके-२) किलोडाल्टनला जोडीने बँड उठले पाहिजेत. आधी अर्धा तास १० मायक्रोमोलर यू०१२६ हे रसायन दिलं, तर ते उठायला नकोत, कारण ईआरकेवर फॉस्फेट चढवणारं मेक हे विकर त्याने अडतं. नमुन्याचा एक भाग लॅम्ब्डा फॉस्फटेजने धुवून काढावा. त्यानंतरही बँड तसाच राहिला, तर अँटिबॉडी फॉस्फेट पाहतच नाहीये. या नमुन्यात मात्र वरची फॉस्फटेज-रोधकं आणि ईडीटीए घालायचं नाही, आणि मँगनीज विसरायचं नाही. नाहीतर हे फॉस्फटेजही गप्प बसेल.

शेवटी एकूण ईआरकेही मोजायचं, कारण प्रथिनच कमी असेल तर फॉस्फेट कमी दिसणारच. त्याच पडद्यावरून पहिली अँटिबॉडी उतरवून दुसरी लावायची, तर फॉस्फोची आधी लावा. दोन्ही सशाच्याच असतील आणि पहिली पूर्ण निघाली नसेल, तर एकाच वजनाच्या जागी जुनाच ठसा नवा म्हणून दिसतो. त्यापेक्षा एक सशाची, एक उंदराची घ्यावी आणि दोन वेगळ्या रंगांत एकदमच पाहावी.